व्यतिकरणमापकाची कुळकथा

व्यतिकरणमापक, म्हणजेच इंटरफेरोमीटर, हे प्रकाशलहरींच्या मापाने अंतरातला फरक टिपणारे उपकरण. अर्धपारदर्शक आरसा प्रकाशझोताचे दोन भाग करून ते काटकोनात पाठवतो. टोकांच्या आरशांवरून परतलेले झोत एकमेकांत मिसळले, की उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. झोताच्या एका मार्गाची, म्हणजे एका बाहूची, लांबी किंचित बदलली, तरी हे पट्टे सरकतात. मात्र प्रत्येक हादराही पट्टे हलवतो, त्यामुळे या उपकरणाचा इतिहास हा मुख्यतः हादरे आणि गोंगाट आवरण्याचाच इतिहास आहे.

अल्बर्ट मायकेलसन यांनी १८८१ मध्ये जर्मनीत ही मांडणी केली. प्रकाशाचे मानलेले माध्यम ‘ईथर’ यातून पृथ्वी किती वेगाने जाते, हे त्यांना मोजायचे होते. बर्लिनच्या रहदारीने पट्टे स्थिर राहीनात, म्हणून उपकरण पॉट्सडॅमच्या वेधशाळेत न्यावे लागले. १८८७ मध्ये क्लीव्हलंड येथे एडवर्ड मॉर्ली यांच्यासह त्यांनी ते पाऱ्यावर तरंगत्या शिळेवर बसवले. तरीही ईथरचा मागमूस लागला नाही.

पुढे हेच उपकरण गुरुत्वीय लहरींच्या शोधात कामी आले. या लहरी अवकाशालाच ताणतात व आक्रसतात, तेव्हा दोन बाहूंच्या लांबीत फरक पडतो. हा फरक लेसरने मोजण्याच्या मार्गातील गोंगाटाचे एकेक उगम रायनर वाइस यांनी १९७२ मध्ये तपशीलवार मांडले. त्यातून पुढे अमेरिकेत हॅनफर्ड व लिव्हिंगस्टन येथे ४ किलोमीटर बाहूंच्या ‘लायगो’ वेधशाळा उभ्या राहिल्या. निर्वात नळ्यांत टांगलेले आरसे जमिनीच्या कंपांपासून अलग ठेवले गेले. उरलेल्या गोंगाटातून संकेत वेचण्याच्या पद्धतीला पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आकार दिला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर नोंदली गेली. तेव्हा बाहूंच्या लांबीतला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता.

शेवटचा अडसर प्रकाशाच्या पुंजस्वभावाचा. फोटॉन एकसारख्या अंतराने येत नाहीत आणि रिकाम्या पोकळीतील पुंजीय चढउतारही मोजणीत मिसळतात. कार्लटन केव्ह्‌ज यांनी १९८१ मध्ये सुचवलेला उपाय असा, की प्रकाशाच्या एका गुणधर्मातील अनिश्चितता वाढू द्यावी आणि मोजायच्या गुणधर्मातील घटवावी. असा ‘संकुचित’ प्रकाश लायगोने २०१९ पासूनच्या निरीक्षणांत नियमित वापरला.

गुरुत्वीय लहर वेगवेगळ्या वेधशाळांपर्यंत किंचित वेगवेगळ्या क्षणी पोहोचते. त्या फरकावरून तिची दिशा कळते. त्यासाठी वेधशाळा एकमेकींपासून दूर असाव्या लागतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ नियोजित असलेल्या आणि २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळालेल्या ‘लायगो-इंडिया’चे महत्त्व त्यातच आहे.