घड्याळजी आणि न्यायाधीश

माळावरून जातांना पायास दगड लागला, तर तो तेथें कसा आला असें कोणी विचारीत नाहीं. पण घड्याळ पडलेलें दिसलें, तर तें घडविणारा कोणी तरी असला पाहिजे, असें मन तत्काळ म्हणूं लागतें. विल्यम पेली ह्या इंग्रज धर्मोपदेशकानें १८०२ सालीं हा दृष्टांत मांडला आणि डोळ्यासारख्या कुशल रचनेचा कर्ता परमेश्वरच होय, असें प्रतिपादिलें. डार्विननें केंब्रिज येथें शिकत असतां पेलीचे ग्रंथ आवडीनें अभ्यासिले होते. पुढें १८५९ सालीं त्यानेंच निराळें उत्तर दिलें: पिढ्यान्‌पिढ्या होणारे लहान फरक, आणि त्यांतील उपकारक तेवढ्यांची निसर्गाकडून होणारी निवड, एवढ्यानेंहि असें इंद्रिय घडूं शकतें.

अमेरिकेंत हा वाद विद्वानांच्या सभेंतून शाळेच्या वर्गांत शिरला. १९२५ सालीं टेनेसी राज्यांत उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल स्कोप्स नांवाच्या शिक्षकास १०० डॉलर दंड झाला. उत्क्रांतिवाद शिकविण्यास बंदी करणारा आर्कान्सा राज्याचा कायदा १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर त्याच्या जोडीला 'सृष्टिनिर्मितीचें शास्त्र'हि शिकवावें, अशी मागणी निघाली. लुइझियाना राज्याचा तसा कायदाहि १९८७ सालीं रद्द झाला. कारण सरकारी शाळेनें एखाद्या धर्ममताचा पुरस्कार करणें त्या देशाच्या घटनेस मंजूर नाहीं.

त्यानंतर 'बुद्धिपुरस्सर रचना' हें नांव पुढें आलें. त्यांत देवाचा उच्चार नाहीं, बायबलाचा उल्लेख नाहीं. कोणी तरी बुद्धिमान् रचनाकार आहे, एवढेंच म्हणावयाचें. पेन्सिल्व्हेनियांतील डोव्हर येथील स्कूलबोर्डानें ऑक्टोबर २००४ मध्यें ठराव केला कीं, डार्विनच्या मतांतील उणिवा व हें नवें मत ह्यांची विद्यार्थ्यांस जाणीव करून द्यावी. तदर्थ केलेलें निवेदन वाचण्याचें विज्ञानाच्या शिक्षकांनीं नाकारलें. तेव्हां जानेवारी २००५ मध्यें अधिकाऱ्यांनीं वर्गांत जाऊन तें वाचलें. अकरा पालकांनीं त्यापूर्वींच फिर्याद केली होती.

हॅरिसबर्ग येथें न्यायाधीश जॉन जोन्स ह्यांजपुढें खटला चालला. बोर्डाच्या बाजूनें जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही ह्यांनीं सांगितलें कीं, जंतूच्या शेपटीसारख्या यंत्रांतील एकहि भाग काढला तर तें चालत नाहीं. म्हणून तें क्रमाक्रमानें झालें नसावें. केनेथ मिलर हे स्वतः श्रद्धाळू कॅथोलिक असून त्यांनीं उलट दाखविलें कीं, त्याच यंत्रांतील कांहीं भाग दुसऱ्या जंतूंत विष टोचण्याचें काम बिनदिक्कत करतात. 'सिद्धांत' शब्दाची आपली व्याख्या घेतली तर तींत फलज्योतिषहि बसेल, हें बीहींस उलटतपासणींत मान्य करावें लागलें.

पण खरा घाव जुन्या मसुद्यांनीं घातला. निवेदनांत ज्या पुस्तकाचा हवाला दिला होता, त्याचे मसुदे तत्त्वज्ञानाच्या अध्यापिका बार्बरा फॉरेस्ट ह्यांनीं ताडून पाहिले. १९८७ च्या निकालापूर्वीं जेथें 'सृष्टिनिर्मिति' होती, तेथें त्यानंतर 'बुद्धिपुरस्सर रचना' आली. व्याख्या मात्र तीच राहिली. एके ठिकाणीं तर जुन्या शब्दाचीं अक्षरें नव्या शब्दांच्या दोन्ही टोकांस तशींच चिकटून राहिलीं होतीं!

निकालाआधींच, नोव्हेंबरच्या निवडणुकींत, पुन्हां उभे राहिलेले बोर्डाचे आठहि सभासद मतदारांनीं पाडले. २० डिसेंबर २००५ रोजीं १३९ पानांचा निकाल लागला: हें मत विज्ञान नव्हे, आणि तें शाळेंत शिरविण्यामागील हेतु धार्मिक होता. तें मत खरें कीं खोटें ह्याविषयीं आपण कांहींच म्हणत नाहीं, हेंहि न्यायाधीशांनीं स्पष्ट केलें. ही मर्यादा ध्यानांत घेण्याजोगी आहे. जगाला कर्ता आहे किंवा नाहीं, ह्याचा निवाडा कोर्टानें करावयाचा नव्हता; मुलांपुढें ठेवलेल्या वस्तूवर तिचें खरें नांव आहे कीं नाहीं, एवढेंच त्यास पाहावयाचें होतें.

पेलीचा युक्तिवाद आज टिकत नसला, तरी त्यानें आपल्या घड्याळजीचें नांव छातीठोकपणें सांगितलें होतें. डोव्हरकरांनीं तें लपविलें. ज्या श्रद्धेच्या रक्षणास ते निघाले होते, तिचेंच नांव उच्चारण्याची त्यांस चोरी झाली. विज्ञानाच्या हानीपेक्षां श्रद्धेची ही मानहानि आम्हांस थोर वाटते.