काष्ठवायूचे शुद्धीकरण

लाकूड, पाचट, भुसा असा जैवभार अपुऱ्या हवेत किंवा वाफेत ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला तापवला की कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन व मिथेन यांचे ज्वलनशील मिश्रण, म्हणजे काष्ठवायू, मिळते. त्यापासून मिथेन, मिथेनॉल किंवा डिझेलसारखे इंधन बनवण्यापूर्वी त्यातील डांबर व गंधक काढून टाकण्याची क्रिया.

डांबर हा एकच एक पदार्थ नव्हे. १९९८ मध्ये ब्रुसेल्सच्या बैठकीत तज्ज्ञांनी बेंझिनपेक्षा जड अशा सर्व सेंद्रिय अशुद्धींना मिळून हे नाव दिले. त्यांतले नॅप्थॅलीन आपल्या ओळखीचे आहे. कपाटातल्या डांबरगोळ्या त्याच्याच. वायू तापलेला असेतो हे सारे वाफरूपाने निमूट वाहते. तो निवू लागला, की जड घटक नळ्यांना आतून चिकटतात आणि राख मिसळून त्यांचा थर वाट बुजवतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे भारतात मोटारगाड्यांना वायुजनित्रे बसवली गेली, ती बहुधा लोणारी कोळशावर चालत. कारण भट्टी लावून कोळसा पाडतानाच बरेचसे डांबर निघून गेलेले असते.

पाण्याने वायू धुणे स्वस्त. पण डांबर पाण्यात नीट विरघळत नाही आणि फिनॉलमिश्रित सांडपाणी मागे उरते. ऑस्ट्रियातील ग्युसिंग येथे २००१-०२ मध्ये सुरू झालेल्या ८ मेगावॉट उष्णताक्षमतेच्या संयंत्राने यावर सुरेख तोड काढली. ऑलिव्हिन खनिजाच्या तापल्या वाळूवर वाफेने वायू तयार होई आणि काही डांबर तिथेच मोडे. पुढे कापडी गाळणीतून गेलेला वायू मोहरीच्या कुळातील रेपसीडच्या तेलापासून केलेल्या जैवडिझेलने धुतला जाई. डांबराने भरलेला हा द्रव परत भट्टीच्या ज्वलनकक्षात जाळला, की काढलेली घाणच उष्णता देई.

गंधकाचे काम वेगळे. स्वच्छ लाकडात ते ०.१ टक्क्याहूनही कमी असते. पण पुढे इंधन बनवणाऱ्या निकेल किंवा कोबाल्टच्या उत्प्रेरकाला तेवढेही पुरे: गंधक धातूच्या पृष्ठभागाला घट्ट धरून बसते व क्रिया थंडावते. त्यातले बहुतेक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात असल्याने ३०० ते ४०० अंशांवर झिंक ऑक्साइडच्या थरातून वायू नेला, की झिंक सल्फाइड बनून ते अडकते. थायोफीन हे गंधकाचे दुसरे संयुग मात्र या थराला दाद देत नाही. कोबाल्ट-मॉलिब्डेनम उत्प्रेरकावर हायड्रोजनच्या साहाय्याने त्याचे आधी हायड्रोजन सल्फाइड करून घ्यावे लागते.

खरा पेच क्रमाचा आहे. निकेलच्या उत्प्रेरकावर डांबर मोडायचे तर वायू तापलेला हवा, पण तेव्हा त्यात गंधक असते. गंधक काढण्यासाठी तो निववावा, तर डांबर साकळते. शेणाच्या गोबरगॅसला हा त्रास नाही. त्यात हायड्रोजन सल्फाइड असते, डांबर नसते.

स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या गोबीगॅस संयंत्रात (२० मेगावॉट, २०१४ पासून मिथेनपुरवठा) सुरुवातीला वायू निववणारे उपकरणच डांबराने तुंबे. पोटॅशियम कार्बोनेट मिसळल्यावर डांबर घटले. खर्च मात्र नैसर्गिक वायूच्या किमतीपुढे टिकला नाही, आणि २०१८ मध्ये ते बंद झाले.