ऑपरेशन मिनिटांचं, जपणूक महिन्यांची



बचत गटाच्या बैठकीत हल्ली डोळ्यांसाठी कर्जाची मागणी येऊ लागली आहे. कुणाला सासूबाईंचा मोतीबिंदू काढायचा असतो, कुणाला लेकीचा चष्मा घालवायचा असतो. दोघीही म्हणतात, "लेसर करायचंय." आणि पुढं म्हणतात, "ताई, दहा मिनिटांचं काम. लगेच घरी सोडतात." ते खरंच आहे. पण घरी आल्यावर डोळे चुरचुरतात, कुसळ गेल्यासारखं खुपतं, उन्हात बघवत नाही. मग वाटतं, ऑपरेशन बिघडलं की काय? आज आपण या ऑपरेशनांचा इतिहास बघू. तो कळला की ही चुरचूर का होते आणि डोळा किती दिवस जपायचा, तेही कळेल.

आपल्या देशात डोळ्यावरची शस्त्रक्रिया फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूवरचा उपाय दिला आहे. डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ झालं, की बारीक शलाकेनं ते बाजूला सारायचे. भिंग डोळ्यातच राहायचं, पण उजेड आत यायला वाट मिळायची. त्याच ग्रंथात कोरड्या डोळ्याचाही आजार सांगितला आहे. त्याचं नाव शुष्काक्षिपाक. पापण्या खरखरीत होतात, डोळा उघडायला त्रास होतो, नजर धूसर होते, असं त्याचं वर्णन आहे. म्हणजे कोरडा डोळा हे मोबाइलनं आणलेलं नवं दुखणं नाही. आपल्या पूर्वजांनी ते ओळखलं होतं.

भिंग बाहेर काढायची पद्धत पॅरिसमध्ये जाक दाव्हिएल यांनी 1747 मध्ये दाखवली. आपल्या सांगली जिल्ह्यात असली नवी शस्त्रक्रिया रुजली ती मिरजेत. डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले आणि 1894 मध्ये मिरजेत मिशनचं इस्पितळ उभं राहिलं. मिरज रेल्वेचं जंक्शन. दूरदूरची माणसं गाडीनं उतरायची आणि उपचार घ्यायची. मोतीबिंदू हे त्या काळचं मोठं दुखणं. माणूस धडधाकट असूनही घरात बसून राहायचा.

तेव्हाचं ऑपरेशन आजच्यासारखं नव्हतं. डोळ्याला मोठा छेद द्यावा लागायचा. टाके नीट घालायची सोय नव्हती. म्हणून त्या काळी सगळीकडेच रुग्णाला कित्येक दिवस उताणं झोपवून ठेवत. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, वाकायचं नाही. पुढं जाड भिंगाचा चष्मा, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा. नंतर नेत्रशिबिरं आली. पलीकडं विजापूर भागातल्या बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी यांनी गावोगावी शिबिरं घेऊन लाखो ऑपरेशनं केली. 1976 मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन मोफत होऊ लागलं.

मैत्रिणींनो, त्या जुन्या पद्धतीत त्रास फार होता. पण एक गोष्ट होती. बाईला विश्रांती मिळायची. पट्टी दिसायची, त्यामुळं "ऊठ, भाकरी टाक" असं कुणी म्हणत नव्हतं.

मग काळ पालटला. 1949 मध्ये लंडनचे डॉ. हॅरल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. 1967 मध्ये अमेरिकेचे डॉ. चार्ल्स केलमन यांनी गढूळ भिंग आतल्या आत फोडून बारीक छेदातून ओढून घ्यायची युक्ती काढली. तिला फेको म्हणतात. आपल्याकडं सगळे यालाच 'लेसरचं ऑपरेशन' म्हणतात. पण फेकोमध्ये भिंग फोडतात ते ध्वनिलहरींनी. तिथं लेसर नसतो. त्यामुळं सासूबाईंचं ऑपरेशन आणि लेकीचं ऑपरेशन ही दोन वेगळी कामं आहेत, हे आधी लक्षात घ्या.

चष्मा घालवायचं खरं लेसर ऑपरेशन डोळ्याच्या आत जात नाही. बुबुळासमोर काचेसारखा स्वच्छ पडदा असतो, त्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. त्याचा आकार बदलला की चष्म्याचा नंबर जातो. दक्षिण अमेरिकेत कोलंबियाच्या डॉ. होसे बाराकेर यांनी 1949 च्या सुमारास हा विचार मांडला. त्यांच्याकडं लेसर नव्हता. तो मिळाला एका भारतीय माणसामुळं. मद्रासकडचे रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएम कंपनीत संशोधक होते. 1981 मध्ये सणाच्या जेवणातला टर्की पक्ष्याचा उरलेला तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर एक्सायमर नावाचा लेसर सोडला. कापलेली जागा स्वच्छ होती, कडा भाजल्या नव्हत्या. 1983 मध्ये डॉ. स्टीफन ट्रोकेल यांच्यासोबत त्यांनी तोच प्रयोग गाईगुरांच्या डोळ्यांवर केला. शिळ्या मटणाच्या तुकड्यावरून शोध लागला, आणि 2013 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते श्रीनिवासन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा सन्मान झाला. ग्रीसचे डॉ. इओआनिस पालिकारिस यांनी 1990 च्या सुमारास यात पुढची पायरी गाठली. कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा झाकणासारखा उचलायचा, खाली लेसर मारायचा, पापुद्रा परत बसवायचा. हेच लेसिक.

आता कोरडेपणाचं कारण बघा. कॉर्नियात अतिशय बारीक नसांचं दाट जाळं असतं. डोळा जरा सुकला की या नसा निरोप देतात. मग अश्रूंची ग्रंथी पाणी सोडते आणि पापणी मिटते. विहिरीवरची मोटर चालू करायला वायर लागते, तशी ही वायर. पापुद्रा उचलताना ती तुटते. विहिरीत पाणी आहे, मोटर आहे, पण निरोपच पोचत नाही. म्हणून पाणी कमी येतं आणि पापणीही कमी लवते. नसा हळूहळू पुन्हा वाढतात. त्याला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं. बहुतेकींचा त्रास तोवर उतरतो, काहींचा जास्त काळ राहतो. स्माइल नावाच्या नव्या पद्धतीत छेद छोटा असतो, त्यामुळं नसा कमी तुटतात. फेकोनंतरही थोडी चुरचूर होते, ती बहुधा काही महिन्यांत कमी होते.

म्हणजे दीडशे वर्षांत शस्त्रक्रियेचा वेळ कमी झाला, दवाखान्यातले दिवस कमी झाले. पण शरीराला नस जुळवायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो. फरक इतकाच, की आता पट्टी नाही. त्यामुळं बाई दुखणाईत आहे हे घरात कुणाला दिसतच नाही.

त्यात बाईचा डोळा मुळातच कोरडेपणाकडं झुकतो. स्वीडनचे डॉ. हेन्रिक शोग्रेन यांनी 1933 मध्ये कोरड्या डोळ्यांवर प्रबंध लिहिला. त्यातले 19 रुग्ण, आणि त्या सगळ्या बायका. अनेकींचे सांधेही दुखत होते. पाळी जाण्याच्या वयात कोरडेपणा वाढतो. वर आपल्याकडचा वारा. माण, खटाव, आटपाडी, जतचा कोरडा वारा आणि फुफाटा, चुलीचा धूर, तासगावकडं द्राक्षबागेतली फवारणी, हळद पॉलिश करतानाची धूळ. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी यात उभं राहिलं तर डोळा सावरणार कसा?

म्हणून जपणूक नीट समजून घ्या. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, डोक्यावरून अंघोळ नको. डोळा चोळायचा नाही, कारण पापुद्रा सरकू शकतो. रात्री डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावून झोपा, म्हणजे झोपेत हात लागत नाही. काजळ, पावडर काही आठवडे बंद. विहिरीत, तळ्यात पोहणं महिनाभर तरी नको. बाहेर पडताना बाजूनं बंद असलेला गॉगल लावा. कुणी हसलं तरी हसू द्या.

थेंबांची बाटली ओळखायला शिका. काही थेंब जंतूंसाठी, काही सूज उतरायला. सूज उतरवणाऱ्यात स्टिरॉइड असतं. ते सांगितले तेवढेच दिवस घालायचं. बरं वाटतं म्हणून मेडिकलमधून परत आणून घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. कृत्रिम अश्रूंचे थेंब मात्र महिनोन्महिने लागू शकतात. दिवसातून बऱ्याच वेळा घालायचे असतील तर संरक्षक रसायन नसलेले छोटे डोस मिळतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. एकीची बाटली दुसरीनं वापरू नका. मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस, अंगावरचं दूध यांतलं काहीही डोळ्यात नको. मोबाइल बघताना पापणी लवायची थांबते, म्हणून मुद्दाम डोळे मिटत जा. डोळा खूप दुखला, लाल होऊन घाण आली, डोळ्याला मार लागला किंवा नजर अचानक कमी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधीची तपासणी. नंबर वर्षभर स्थिर हवा. वय अठराच्या वर हवं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं थांबावं. कॉर्निया पातळ असेल, तो कोनासारखा पुढं आला असेल किंवा डोळा आधीच कोरडा असेल, तर हे ऑपरेशन अनेकदा करत नाहीत. कोरडेपणाची तपासणी सोपी आहे. जर्मनीचे डॉ. ओटो शिर्मर यांनी 1903 मध्ये सांगितलेली. खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात आणि किती ओली झाली ते मोजतात. लेक भरतीची तयारी करत असेल तर जाहिरातीतले डोळ्यांचे नियम आधी वाचा, कारण काही पदांना लेसर केलेला डोळा चालत नाही. आणि चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागतोच, हेही तिला सांगा.

आता गटासाठी एक सूचना. डोळ्यांसाठी कर्ज मागायला बाई आली, की तीन गोष्टी विचारा. मोतीबिंदू असेल तर सरकारी दवाखान्यात विचारलं का? चष्म्याचं लेसर असेल तर कोरडेपणा तपासला का? आणि सहा महिन्यांचे थेंब, तपासणीच्या फेऱ्या, बुडणारी मजुरी हे कर्जाच्या रकमेत धरलं का? ऑपरेशनपुरतं कर्ज दिलं तर थेंब मध्येच संपतात आणि बाई दुसऱ्याच आठवड्यात शेतावर जाते. त्या बाईची चूल आठवडाभर आलटून पालटून पेटवायची, तिची शेळी दुसरीनं चारायची, एवढं गटानं ठरवलं तर तिचा डोळा धुरापासून आणि धुळीपासून वाचेल. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि ठराव वहीत लिहा.