चढाई मोजावी कशी?

शाळेच्या पटांगणात धावण्याची शर्यत लावायची असली, तर गुरुजींना फारसा विचार करावा लागत नाही. फक्कीची एक रेघ इकडे, एक तिकडे. शिट्टी वाजली की मुले सुटतात आणि जो आधी पोचेल तो पहिला. पण समजा, पटांगणाच्या कडेला असलेल्या आंब्यावर तीन मुले चढली. एक खारीसारखा सरसर पहिल्या फांदीवर गेला. दुसरा हळूहळू, चाचपत, पण पार शेंड्याजवळ जाऊन बसला. तिसरा फारसा वर गेलाच नाही. पण जिथे कुणाचा पाय ठरत नाही, अशा गुळगुळीत बुंध्याच्या अंगाने चढून त्याने दाखवले. आता सांगा, पहिला नंबर कुणाला द्याल?

प्रश्न पोरकट वाटेल. पण ज्या स्पर्धेची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे, तिचा सारा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरला आहे. ही स्पर्धा म्हणजे प्रस्तरारोहणाची, म्हणजे कडे आणि भिंती चढण्याची, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. यात चढणारा आपल्या हातापायांच्या बळावर चढतो. कमरेला दोर बांधलेला असतो खरा, पण तो ओढून वर जायचे नसते. हात सुटलाच तर जीव वाचावा, एवढ्याचसाठी तो असतो.

चढाईच्या शर्यती प्रथम नियमाने भरू लागल्या त्या सोव्हिएट संघराज्यात, दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस. कॉकेशसच्या पहाडांत आणि क्रिमियाच्या कड्यांवर तिथले गिर्यारोहक एकमेकांशी चढाओढ करीत. पायांत काय, तर पावसात बुटांवर चढवायचे रबरी जोडे! त्यांनी आपला प्रश्न सोप्या रीतीने सोडवला होता. जो कमी वेळात वर जाईल तो श्रेष्ठ. म्हणजे धावण्याची शर्यतच त्यांनी उभी करून ठेवली म्हणा ना! मात्र या शर्यती बरीच वर्षे त्यांच्या त्यांच्यातच होत राहिल्या.

पश्चिम युरोपातल्या चढणाऱ्यांना हे मानवणारे नव्हते. चढाई म्हणजे माणूस आणि कडा यांच्यातला मामला, त्यात तिसऱ्याचे काय काम, अशी त्यांची वृत्ती. १९८५ साली फ्रान्समधल्या एकोणीस नामवंत चढणाऱ्यांनी एक जाहीर पत्रक काढले. ते पुढे ‘एकोणीस जणांचा जाहीरनामा’ म्हणून ओळखले गेले. चढाई हा ज्याचा त्याचा शोध आहे, तिला पंच, घड्याळ आणि गुणपत्रिका चिकटल्या की तिचा जीव जाईल, असा त्या पत्रकाचा मथितार्थ होता.

आणि गंमत पाहा, त्याच वर्षी, १९८५ च्या जुलैत, इटलीत बार्दोनेक्किया गावाजवळच्या एका दरीत आधुनिक पद्धतीची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. तिचे नाव ‘स्पोर्टरॉच्चा’, म्हणजे ‘खेळ आणि खडक’ असे काहीसे. आंद्रेआ मेल्लानो हे गिर्यारोहक आणि एमान्युएले कस्सारा हे पत्रकार, या दोघांची ती कल्पना. अस्सल कड्यावर चढाई झाली आणि लोकांनी खालून मान वर करून ती पाहिली. पुरुषांत जर्मनीचा स्टेफान ग्लोवाक्झ आणि स्त्रियांत फ्रान्सची कॅथरीन देस्तिव्हेल हे पहिले आले. पुढच्या वर्षी बार्दोनेक्कियाच्या जोडीला आर्को हे गाव आले, तेव्हा हजारो प्रेक्षक लोटले. जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकीही काही जण पुढे स्पर्धेत उतरले. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. उत्तम चढणारे एके ठिकाणी जमलेले असताना आपण घरी बसणे कठीणच असते.

पण जाहीरनाम्यातली भीती अगदीच खोटी नव्हती. अस्सल कडा हा स्पर्धेला सोयीचा नसतो. जवळपासच्या माणसाला तो आधीच ठाऊक असतो. सकाळी चढणाऱ्याला सावली मिळते, दुपारच्याला ऊन. मध्येच पाऊस आला तर पुढच्यांचे नशीब फुटले. एखादी खोबण पहिल्याच्या हाताखाली निखळते आणि दुसऱ्याला ती मिळतच नाही. शिवाय स्पर्धेसाठी कड्याची नासधूस होते, ही तक्रार होतीच. यावर तोड निघाली ती कृत्रिम भिंतीची. १९८६ मध्ये फ्रान्समधील ल्यों शहराजवळ अशा भिंतीवर स्पर्धा झाली, आणि १९९० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय स्पर्धा फक्त कृत्रिम भिंतींवरच घ्यायच्या, असे ठरून गेले. भिंतीला हव्या त्या ठिकाणी पकडी स्क्रूने बसवता येतात, आणि स्पर्धा संपली की काढून ठेवता येतात. कडा कड्याच्या जागी सुखाने राहिला.

१९८९ साली विश्वचषक मालिका सुरू झाली. ती दरवर्षी निरनिराळ्या गावी भरते आणि गुणांची बेरीज होते. पण एकाच ठिकाणी, एकाच वेळी सगळ्या जगाने यावे आणि निकाल लावावा, अशी स्पर्धा १९९१ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरी प्रथम झाली. तीच पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. त्या वेळी प्रकार दोनच होते, लीड आणि स्पीड. लीडमध्ये फ्रान्सचा फ्रान्स्वा लग्राँ आणि स्वित्झर्लंडची सुझी गुड हे विजयी झाले. लग्राँने पुढे १९९३ ला इन्सब्रुक आणि १९९५ ला जिनिव्हा येथेही जिंकून लागोपाठ तीन अजिंक्यपदे मिळवली.

हे दोन प्रकार म्हणजे आपल्या आंब्याच्या प्रश्नाची दोन उत्तरे होत. स्पीडमध्ये फक्त वेळ पाहायचा. पुढे त्यासाठी १५ मीटर उंचीची आणि ५ अंश पुढे झुकलेली भिंत ठरली. तिच्यावरच्या पकडी जगात कुठेही गेलात तरी त्याच जागी. चढणारा तो मार्ग पाढ्यासारखा पाठ करतो.

लीडचे अगदी उलट. तिथे कोण किती उंच जातो ते पाहायचे, आणि मार्ग दर वेळी नवा. तो कुणाच्याही दृष्टीस आधी पडता कामा नये. म्हणून स्पर्धकांना एका बंद खोलीत ठेवतात. भिंत न्याहाळायला सर्वांना मिळून काही मिनिटे देतात, आणि मग एकेकाला बाहेर बोलावतात. आधीचा कुठे पडला, हे नंतरच्याला कळत नाही. हात सुटला की संपले. जिथपर्यंत पोचला तेवढीच त्याची उंची.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही व्यवस्था तुम्हांला ओळखीची वाटली असेल. सीलबंद प्रश्नपत्रिकाच ही! आणि ती काढणारा असतो मार्ग आखणारा. त्याचे काम मोठे नाजूक. मार्ग सोपा झाला तर सगळेच शेंड्याला पोचतात, आणि अवघड झाला तर सगळे एकाच ठिकाणी कोसळतात. दोन्ही वेळा परीक्षा फुकट जाते. पायरीपायरीने एकेक जण गळत जाईल आणि अखेरीस एकच उरेल, असा मार्ग आखता आला पाहिजे. चांगली प्रश्नपत्रिका म्हणजे तरी दुसरे काय असते?

आंब्यावरचा तिसरा मुलगा आठवतो ना, गुळगुळीत बुंध्यावरून चढणारा? त्याला न्याय मिळायला २००१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या अजिंक्यपदात बोल्डरिंग हा तिसरा प्रकार आला. यात भिंत बुटकी, दोर नाही, खाली जाड गाद्या. पण चढाईचे कोडे असे की दहा वेळा पडल्यावर कुठे उलगडावे. किती कोडी सुटली आणि किती प्रयत्नांत, यावर निकाल. अशा रीतीने भराभर जाणारा, उंच जाणारा आणि अवघड जागी टिकणारा, असे तिघेही आपापल्या रांगेत पहिले येऊ लागले. २००७ मध्ये फ्रँकफुर्टलाच या खेळाचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला.

तरीही मोजमापाचे भांडण मिटले असे नाही. २०१८ सालची इन्सब्रुकची गोष्ट घ्या. स्त्रियांच्या लीडच्या अंतिम फेरीत ऑस्ट्रियाची जेसिका पिल्झ आणि स्लोव्हेनियाची यान्या गार्नब्रेट अशा दोघीही थेट शेंड्याला पोचल्या. आता काय करायचे? अखेर घड्याळ पाहावे लागले. पिल्झ आधी पोचली होती, ती विजयी. म्हणजे उंचीच्या परीक्षेचा निकाल शेवटी वेळेने लावला!

याहून मोठा पेच ऑलिंपिकने घातला. २०१६ मध्ये चढाईला टोकियो ऑलिंपिकात प्रवेश मिळाला, पण पदकांचा संच पुरुषांना एक आणि स्त्रियांना एक. प्रकार तीन, पदक एक! मग तिन्ही प्रकार एकाच स्पर्धकाने करायचे आणि तिन्हींतले क्रमांक एकमेकांशी गुणायचे, असे ठरले. गुणाकार ज्याचा लहान, तो पहिला. शंभर मीटर धावणाऱ्याला आणि मॅरेथॉन पळणाऱ्याला एकाच तराजूत घालावे तसे हे झाले, आणि त्यावर चढणाऱ्यांनीच पुष्कळ टीका केली. २०१९ मध्ये जपानमधील हाचिओजीच्या अजिंक्यपदातून टोकियोच्या काही जागा ठरल्या. तिथे वीस वर्षांच्या गार्नब्रेटने बोल्डरिंग, लीड आणि संयुक्त अशी तीन अजिंक्यपदे एकाच वेळी पटकावली.

टोकियोचे ऑलिंपिक साथीमुळे २०२१ मध्ये झाले. पुरुषांत स्पेनचा अठरा वर्षांचा आल्बेर्तो हिनेस लोपेस जिंकला. त्याचे क्रमांक पाहा. स्पीडमध्ये पहिला, बोल्डरिंगमध्ये सातवा, लीडमध्ये चौथा. एक गुणिले सात गुणिले चार, अठ्ठावीस. दुसरा आलेला अमेरिकेचा नॅथॅनियल कोलमन स्पीडमध्ये सहावा, बोल्डरिंगमध्ये पहिला, लीडमध्ये पाचवा; गुणाकार तीस. आता हेच क्रमांक गुणण्याऐवजी मिळवून पाहा. दोघांचीही बेरीज बारा! मुलांना गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर घाला. गुणाकारात पहिल्या क्रमांकाला फार मोल येते, बेरजेत तसे येत नाही. पदक जिंकणाऱ्याच्या हाताइतकेच ते नियम करणाऱ्याच्या पाटीवर ठरते, हे त्यांना यातून कळेल.

यात हिनेस लोपेसचा कमीपणा नाही. नियम सर्वांना आधी ठाऊक होता आणि त्या नियमाने तो जिंकला. पण नियमच बदलला पाहिजे, हे कळायला वेळ लागला नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात स्पीड वेगळे काढले. इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दो याने ती १५ मीटरची भिंत ४.७५ सेकंदांत चढून सुवर्णपदक मिळवले. आपल्याला तेवढ्या वेळात वाड्याचा जिना चढवत नाही! २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकासाठी तर तिन्ही प्रकारांना स्वतंत्र पदके मंजूर झाली आहेत. फिरून फिरून गाडी आंब्यापाशीच आली म्हणायची.

या हकीकतीतला एक भाग मला विशेष सांगावासा वाटतो. २०११ मध्ये इटलीतल्या त्याच आर्को गावी अजिंक्यपद भरले, तेव्हा त्यासोबत अपंग चढणाऱ्यांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. अंध स्पर्धक भिंतीवर असतो आणि खाली उभा राहून त्याचा सोबती पुढची पकड कुठे आहे ते सांगतो. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये पॅरिसला, बंगळूरच्या मणिकंदन कुमारने या स्पर्धेत स्पीडचे सुवर्णपदक जिंकले. लहानपणी पोलिओने त्याचा एक पाय अधू झालेला. ज्या देशात कृत्रिम भिंती बोटांवर मोजण्याइतक्या, तिथल्या मुलाने हे केले. आपल्या शाळेत एखादा मुलगा लंगडतो म्हणून खेळाच्या तासाला त्याला दप्तरे राखायला बसवतात. त्या वेळी ही गोष्ट आठवावी.

महाराष्ट्राचाही या खेळाशी प्रत्यक्ष संबंध आला आहे. २०१६ मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतील एक फेरी नवी मुंबईत झाली, आणि २०१७ मध्ये पुन्हा झाली. ‘गिरिविहार’ या मुंबईच्या जुन्या गिर्यारोहण संस्थेने ती भरवली. ज्यांची नावे आजवर नुसती ऐकली, ते चढणारे आपल्या मुलांना डोळ्यांनी पाहायला मिळाले.

२०२५ साली सोल येथे झालेल्या अजिंक्यपदात गार्नब्रेटने आणखी दोन सुवर्णपदके मिळवली. तिची एकूण दहा झाली. फ्रँकफुर्टपासून तोवर चौतीस वर्षे गेली. एवढ्या काळात नियम किती वेळा बदलले ते आपण पाहिले. ते बदलले याचा अर्थ आधीची माणसे अन्यायी होती असा नव्हे. काय मोजायचे हे आधी नीट ठरवल्यावाचून मोजता येत नाही, हे त्यांना एकेक स्पर्धा भरवून शिकावे लागले. त्या एकोणीस जणांचेही सारेच चुकले नव्हते. त्यांना ज्याची काळजी होती, ते सारे आजही भिंतीवर मोजले जात नाही. ते डोंगरातच राहिले आहे, आणि ज्याला हवे त्याला तिथे जाता येते.

तेव्हा गुरुजी, तुमच्या पटांगणातल्या आंब्यावर मुले चढली, तर आधी त्यांना खाली उतरवा. पडून हातपाय मोडले तर अजिंक्यपद राहील बाजूला! खाली आली की मग मात्र त्यांनाच विचारा, ‘काय रे, तुमच्यात पहिला कोण, आणि कशावरून?’ भांडू द्या थोडा वेळ. त्या भांडणातून ती जो नियम ठरवतील, तो फळ्यावर लिहून ठेवा आणि कुणावर त्यात अन्याय होतो का, तेही त्यांनाच शोधायला सांगा.