काशीचे सात किलोमीटर आणि कासवांची पिले

एप्रिल २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील हैदरपूर पाणथळ क्षेत्रात लाल मुकुटाची वीस कासवे गंगेला परत देण्यात आली. एक गट बंधाऱ्यामागील शांत पाण्यात, तर दुसरा थेट मुख्य प्रवाहात सोडला गेला. प्रत्येकाच्या अंगावर ध्वनिसंकेत देणारे छोटे यंत्र बसविलेले होते. बातमी लहान होती. परंतु त्या यंत्राचे मोल कळण्यासाठी चाळीस वर्षे मागे आणि बरेच खाली, वाराणसीच्या अहिल्याबाई घाटापर्यंत जावे लागते.

मुन्शी घाट आणि शीतला घाट यांच्यामधला हा घाट मराठी माणसाला परका नाही. १७८० मध्ये काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचे नाव त्याला मिळाले आहे. सर जॉन माल्कमने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य भारताच्या वृत्तांतात अहिल्याबाईंविषयी एक नोंद आहे: पाखरांना दाणे टिपता यावेत म्हणून त्यांनी शेते विकत घेतली होती आणि नदीतल्या माशांनाही त्यांच्याकडून अन्न मिळे. नदीत राहणाऱ्यांची सोय हा राज्यकारभाराचा भाग मानणारी ही दृष्टी आज विलक्षण वाटते.

या घाटापासून काही पावलांवर, राजेंद्रप्रसाद घाटावर, १४ जून १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी गंगा कृती योजनेचा शुभारंभ केला. अर्धवट जळालेले देह नदीत जाणे ही काशीची जुनी अडचण होती. एक उपाय विद्युतदाहिनीचा होता. दुसरा मात्र अनोखा होता: मृत मांस खाणारी, मऊ कवचाची कासवे प्रवाहात सोडायची. चंबळ आणि यमुनेच्या काठची अंडी शेकडो किलोमीटर दूर आणून सारनाथच्या केंद्रात उबवायची, पिले वाढवायची आणि मग गंगेत सोडायची. त्यांच्या रक्षणासाठी १९८९ मध्ये रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे सात किलोमीटरचा पट्टा कासव अभयारण्य म्हणून घोषित झाला. जवळपास सारे प्रसिद्ध घाट, अहिल्याबाई घाटासह, एका अभयारण्याच्या काठावर आले. शहराच्या ऐन मध्यातून वाहणारे असे अभयारण्य विरळाच.

कासवाचे अंडे कोंबडीच्या अंड्यासारखे हाताळता येत नाही. घातल्यानंतर थोड्याच वेळात भ्रूण कवचाच्या वरच्या अंगाला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटे झाले तर तो मरू शकतो. म्हणून अंडी उचलण्यापूर्वी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात आणि ती बाजू वरच राहील अशा बेताने वाळूत रचतात. काही कासवांमध्ये वाळूचे तापमानच नर की मादी हे ठरविते. मऊ कवचाच्या कासवांचे तसे नाही, त्यांचे लिंग गुणसूत्रांवर ठरते. तरीही वाळू फार तापली किंवा फार ओली झाली तर अंडी जातात, हे दोघांनाही सारखेच लागू.

अंड्यातून बाहेर आल्यावर खरी कसोटी लागते, आणि येथे माझ्यातला भौतिकशास्त्रज्ञ थोडा रेंगाळणार आहे. सरपटणारा प्राणी स्वतःच्या देहात पुरेशी उष्णता निर्माण करीत नाही. ती त्याला उन्हातून, वाळूतून, पाण्यातून घ्यावी लागते. पिलाच्या देहाचे पृष्ठफळ त्याच्या आकारमानाच्या मानाने फार मोठे असते, आणि पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे थंड टाकीत ठेवलेले आजारी पिलू पाहता पाहता गारठते, त्याचे पचन थांबते आणि रोगाशी लढण्याची शक्तीही मंदावते. अशा वेळी त्याला जबरदस्तीने खाऊ घालणे म्हणजे विझलेल्या चुलीवर भात टाकणे.

याचा निर्णायक पुरावा कासवांवर नव्हे, सरड्यांवर मिळाला. १९७५ मध्ये अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांना एरोमोनस या जिवाणूचा संसर्ग करून त्यांना वेगवेगळ्या तापमानात ठेवले. उबदार जागेतले बहुसंख्य जगले, गार जागेतले मेले. त्याआधीच्या प्रयोगात तर मोकळे सोडलेले आजारी सरडे आपण होऊन अधिक उबदार कोपऱ्यात जाऊन बसले होते. ज्यांना ताप ‘येत’ नाही, ते ताप शोधत जातात. हाच जिवाणू टाक्यांमध्ये वाढविल्या जाणाऱ्या कासवांनाही छळतो. म्हणून आजारी पिलू वेगळे काढून उथळ, स्वच्छ, हळूहळू कोमट केलेल्या पाण्यात ठेवणे, कवचावर बुरशी असेल तर दिवसाचे काही तास कोरड्यावर ठेवणे आणि टाकीत ऊन व सावली दोन्ही असणे, ही औषधांइतकीच महत्त्वाची शुश्रूषा आहे. ऊन केवळ उबेसाठीही नसते. त्यातल्या अतिनील किरणांवाचून ड जीवनसत्त्व बनत नाही, आणि त्यावाचून हाडे व कवच मऊ पडतात. एका कुशीवर कलून तरंगणारे पिलू पाहिले की फुप्फुसाच्या संसर्गाची शंका घ्यावी. दोन फुप्फुसांतली हवा असमान झाली की आर्किमिडीजचा नियमच रोगनिदान करतो.

सारनाथहून अशी हजारो पिले गंगेत गेली. त्यांतली किती तगली? येथे योजनेची मर्मस्थानी असलेली उणीव दिसते. आपल्या संतपरंपरेत कासवी पैलतीरावरून केवळ नजरेने पिलांचे पोषण करते, अशी सुंदर कल्पना आहे. निसर्गातली कासवी मात्र अंडी घालून निघून जाते; नजर ठेवण्याचे काम, पिले आपण वाढविली असतील तर, आपल्याकडे येते. माझ्या मते ‘सोडली’ हा आकडा यशाचे माप ठरला आणि ‘जगली’ या आकड्याची निकड तितकी भासली नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१८ च्या अहवालात हे अभयारण्य रद्द करण्याची शिफारस केली. २०२० मध्ये ते रद्द झाले आणि प्रयागराज, मिर्झापूर व भदोही या जिल्ह्यांत सुमारे तीस किलोमीटरचा नवा पट्टा घोषित झाला.

या निर्णयामागे केवळ जीवशास्त्र होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. प्रयागराज ते हल्दिया हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ देखील १९८६ चाच, आणि रामनगरचे मालवाहू टर्मिनल नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाले होते. शिवाय वाळूचा वाद होता. काशीपाशी गंगा उत्तरेकडे वळते. घाट वळणाच्या बाहेरच्या अंगाला आहेत. वळणावर तळाचे पाणी आतल्या काठाकडे सरकते आणि वाळू तेथे टाकते. कपातली चहाची पाने ढवळल्यावर मधोमध का गोळा होतात, हे सांगताना आइन्स्टाईनने १९२६ मध्ये नद्यांच्या वळणांचे हेच कारण दिले होते. अभयारण्यामुळे वाळूउपसा बंद होता, म्हणून समोरची वाळूपट्टी वाढून घाटांवर प्रवाहाचा ताण येतो, असा आक्षेप घेतला जाई. कासवांना मात्र उन्हासाठी आणि अंड्यांसाठी तीच पट्टी हवी होती. २०२१ मध्ये तिच्यातून कालवा खोदला गेला. पावसाळ्यात तो बुडाला.

सारनाथच्या केंद्रात तस्करांकडून सोडविलेली कासवेही येत राहिली आहेत. जानेवारी २०१७ मध्ये अमेठी जिल्ह्यातील एकाच धाडीत सहा हजारांहून अधिक कासवे सापडली, त्यावरून या व्यापाराचा आवाका कळावा. पोत्यांत कोंबलेली अशी कासवे पाण्यावाचून शोषलेली आणि जखमी असतात, आणि त्यांना लगेच खोल पाण्यात टाकले तर अशक्त जीव बुडूही शकतो. कासव फुप्फुसांनी श्वास घेते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. घाटावर जखमी कासव दिसलेच तर ते नदीत ढकलू नये. सावलीत, ओल्या फडक्याखाली, हवेशीर पेटीत ठेवून वनविभागाला कळवावे. गंगेतले मऊ कवचाचे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे ते घरी नेऊन शुश्रूषा करणे, हेतू कितीही चांगला असला तरी, गुन्हा ठरतो.