आपल्या दारचा ठेंगणा गुलाब



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे ठरले, तेव्हा पाककृती व भरतकाम हे विषय इतर भगिनींनी पहिल्याच दिवशी घेऊन टाकले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु इतिहासाची गोडी मला शाळेपासून आहे, आणि दुपारचे काम आटोपले की वाचनालयातले पुस्तक हाती घेण्याची सवय आहे. म्हणून आपल्या सर्वांच्या ओळखीच्या एका झाडाचा इतिहास लिहिण्याचे मी योजिले. ते झाड म्हणजे तुळशीच्या बाजूला किंवा न्हाणीजवळ वाढणारा आपला ठेंगणा गुलाबी गुलाब. राजेमहाराजांचे इतिहास पुष्कळ आहेत. झाडालाही इतिहास असतो, आणि या झाडाच्या इतिहासात बायकांचा हात मोठा आहे, हे वाचता वाचता माझ्या ध्यानात आले.

प्रथम नावाची गंमत सांगते. गुलाब हा शब्द फारसी आहे. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. तेव्हा गुलाब हे मुळात फुलाचे नाव नव्हेच, ते फुलाच्या पाण्याचे नाव. आपण पाण्याचे नाव फुलाला दिले आणि मग त्या पाण्याला गुलाबपाणी म्हणू लागलो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गुलाबदाणीतून आपण जे शिंपडतो, त्याच्या नावात पाणी दोनदा आले आहे! याचा अर्थ आपल्या देशात पूर्वी गुलाब नव्हता असा नव्हे. हिमालयात रानगुलाब आपोआप उगवतात, आणि जुन्या वैद्यकग्रंथांत शतपत्री व तरुणी अशी त्याची सुंदर नावे आढळतात.

मोगलांना गुलाबाचा फार नाद. बादशहा बाबर (१४८३–१५३०) याने आपल्या तीन मुलींची नावे गुलरंग, गुलचेहरा व गुलबदन अशी ठेवली. यांतील गुलबदन पुढे हुमायुनाची बखर लिहून गेली. त्या काळी एका स्त्रीने इतिहास लिहावा ही केवढी गोष्ट! अत्तराची हकिकत तर खुद्द जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात लिहून ठेविली आहे. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी काढवीत असता, गरम पाण्याच्या भांड्यावर तेलकट तवंग आलेला तिने पाहिला. दुसरी एखादी असती तर ती साय समजून फेकून देती. हिने ती थोडी थोडी गोळा केली. हातावर एक थेंब चोळला तर सारी जागा फुललेल्या गुलाबांनी भरल्यासारखी वाटली. बादशहाने तिला मोत्यांचा कंठा दिला, आणि सलीमा सुलतान बेगमने त्या तेलाला ‘इत्र-इ-जहांगिरी’ असे नाव दिले. आपल्या महाराष्ट्रातील नाशिकलाही मोगल अमलात गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे गाव, असे नाव होते.

तथापि या जुन्या सुवासिक गुलाबांत एक उणीव होती. ते बहुतेक वर्षातून एकदाच, वसंतात फुलत. बारमाही फुलणारा गुलाब होता तो चीन देशात. चिनी भाषेत त्याच्या नावाचा अर्थच दर महिन्याचे फूल असा आहे. चिनी माळ्यांनी शेकडो वर्षे तो जोपासला होता. १७९३ साली इंग्लंडात पार्सन्स नावाच्या गृहस्थाच्या बागेत त्याची एक गुलाबी जात फुलली, आणि तिला ‘पार्सन्सचा गुलाबी चिनी’ असे नाव पडले. चीनची जहाजे कलकत्त्यास थांबत, आणि तेथे कंपनी सरकारने १७८७ साली मोठी वनस्पतिबाग काढलेली होती. त्या वाटेने चिनी गुलाब आपल्या देशातही आले.

आता पुढचा चमत्कार पाहा. हिंदी महासागरात रेयुनियाँ नावाचे बेट आहे. त्याचे तेव्हाचे नाव बूर्बों. तेथील लोक शेताला गुलाबाचे कुंपण करीत. एक ओळ दोनदा फुलणाऱ्या सुवासिक गुलाबाची, दुसरी गुलाबी चिनी गुलाबाची. या दोहोंच्या परागांचा आपोआप संकर होऊन कुंपणातच एक नवे रोप उगवले. १८१७ च्या सुमारास ब्रेआँ नावाच्या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाच्या ते नजरेस पडले, आणि त्याचे बी पॅरिसला गेले. गुलाबी रंग, सुवास आणि पुन्हा पुन्हा बहर असे तिन्ही गुण त्यात एकत्र आले. आपल्या देशात हारांसाठी आणि कलमांच्या खुंटासाठी जो एडवर्ड गुलाब लावतात, तो याच घराण्यातला. कोणी विद्वानाने मुद्दाम केलेला नव्हे, शेताच्या कुंपणात जन्मलेला हा गुलाब आहे!

हे झाले मोठ्या झाडाचे. आता लहान झाडाकडे वळू. चिनी गुलाबाची एक अगदी बुटकी जात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात गेली. काही वर्षे तिचे कौतुक झाले, मग फॅशन बदलली आणि मोठ्या बागांतून ती नाहीशी झाली. नेपोलियनची राणी जोसेफिन हिने माल्मेझाँ येथे गुलाबांचा केवढा तरी संग्रह केला होता, पण १८१४ साली ती वारली आणि पुढे तिच्या बागेची आबाळ झाली. राजवाड्यातल्या फुलांची ही गत, मग एवढ्याशा झुडपाचा काय पाड? पण ते झुडूप मेले नव्हते. स्वित्झर्लंडातील डोंगरी खेड्यांत लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या खिडकीतल्या कुंड्यांत जपले होते. १९१७ च्या सुमारास रूले नावाच्या लष्करी डॉक्टराला ते दिसले आणि त्याने कोरेव्हाँ या बागाईतज्ज्ञास कळविले. सांगतात की ते आणावयास गेले तो ज्या खेड्यात ते पाहिले होते ते आगीत जळून गेलेले! परंतु शेजारच्या गावातील एका घरी रोप शिल्लक होते. त्या वीतभरही उंच नसलेल्या रोपापासून पुढे किती तरी बटण गुलाब निपजले. अमेरिकेतील राल्फ मूर (१९०७–२००९) या एकाच गृहस्थाने जन्मभर खपून अशा लहान गुलाबांच्या तीनशेहून अधिक जाती केल्या.

लहान गुलाबांची दुसरी शाखा फ्रान्सातील लियों शहरी निघाली. जपानच्या घोसाने फुलणाऱ्या गुलाबाचा व चिनी गुलाबाचा मेळ घालून गियो नावाच्या माळ्याने १८७५ साली पांढरी ‘पाकरेट’ बाजारात आणली, आणि पाठोपाठ गुलाबी ‘मिन्योनेट’. झाड गुडघ्याएवढे आणि फुले मूठमूठभर घोसांत. याच शाखेतला ‘द फेअरी’, म्हणजे परी, हा फिकट गुलाबी गुलाब १९३२ साली आला, आणि तो अ‍ॅन बेंटॉल या बाईच्या नावावर आहे. इंग्लंडात पेंबर्टन नावाचे एक धर्मोपदेशक नवे गुलाब करीत. अ‍ॅन ही त्यांच्या माळ्याची बायको. १९२६ साली धर्मोपदेशक वारल्यावर या जोडप्याने ते काम पुढे चालविले. माळ्याच्या बायकोचा तो गुलाब जगभरच्या लहान बागांत आजही लावला जातो. डेन्मार्कच्या पौल्सेन घराण्याने याच घोसवाल्या जातीचा मोठ्या फुलांच्या गुलाबाशी मेळ घालून १९२४ साली गुलाबी ‘एल्झे पौल्सेन’ केला.

आपल्या देशात ही विद्या वाढविणाऱ्यांत डॉ. बेंजामिन पिअरी पाल (१९०६–१९८९) यांचे नाव अग्रभागी येते. तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या गव्हाच्या जाती काढणारे हे थोर शास्त्रज्ञ फावल्या वेळी गुलाबांत रमत. आपल्या उन्हात टिकतील असे पुष्कळ नवे गुलाब त्यांनी केले. १९६६ साली भारतातील गुलाबांवर त्यांचे मोठे पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्या हातांनी देशाच्या भाकरीची काळजी वाहिली, त्याच हातांनी फुलाचीही वाहिली, हे मला फार आवडते.

आता आपल्या चामोर्शीकडे येते. आमच्या सासूबाई लग्न होऊन आल्या, तेव्हा माहेरच्या गावठी गुलाबाची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी बरोबर आणली होती. पुढे आमचे पक्के घर बांधावयाचे ठरले आणि अंगणातले ते झाड काढणे भाग पडले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्या काड्या कापल्या आणि शेजारच्या पाच घरी नेऊन दिल्या. पाचांतल्या तीन जगल्या. सासूबाई गेल्यावर त्यांतल्याच एका घरून मला काडी परत मिळाली. ती आज आमच्या दारी कुंडीत फुलते आहे. स्वित्झर्लंडच्या खिडकीतली हकिकत वाचली, तेव्हा ती मला परक्या देशाची वाटलीच नाही.

आज आपल्याकडे घरे वाढत आहेत, भावाभावांत अंगणे वाटली जात आहेत, आणि उरलेल्या जागेवर सिमेंट पडते आहे. गावठी गुलाबाची जुनी झाडे दरसाल कमी होताना मी पाहते. रोपवाटिकेतली नवी कलमे दिसायला देखणी असतात, लावावीत. पण कित्येक कलमांच्या फुलांना वास नसतो, आणि खालच्या खुंटाचे फुटवे वेळीच काढले नाहीत तर कलम मरून खुंटच माजतो. स्वतःच्या मुळावरच्या गावठी झाडाला ही भीती नाही.

जागा थोडी असली तरी चालते. आपली धानाची कन्हार जमीन पाणी धरून ठेवते आणि गुलाबाच्या मुळ्या कुजतात. म्हणून लहानसा उंच वाफा करावा किंवा कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घालावेत. काडी पेन्सिलीएवढी जाड व वीतभर लांब, तीनचार डोळ्यांची घ्यावी. खालचा काप तिरपा द्यावा व निम्मी काडी मातीत जाऊ द्यावी. कुजलेले शेणखत घालावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास छाटणी केली म्हणजे दीडदोन महिन्यांत बहर येतो. वैशाखाच्या उन्हात मात्र दुपारची सावली हवीच.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. यंदा छाटणीच्या काड्या उकिरड्यावर न टाकता प्रत्येकीने मंडळात आणाव्यात, आणि ज्यांच्या घरी झाड नाही त्यांनी त्या घेऊन जाव्यात. काडी कोणाच्या घरची हे एका वहीत लिहून ठेवावे. एका घरचे झाड गेले तर दुसऱ्या घरी ते सापडेल. गावात नव्याने आलेल्या सुनेला ओटीबरोबर एक रुजलेली काडी दिली, तर तिच्या नव्या घरी तिचे असे पहिले झाड होईल. याला खर्च काही नाही, फक्त आठवण लागते, आणि ती आपणा बायकांपाशी पुष्कळ आहे.