शनिवारचं दळण

जानेवारी 1918. सातारा, मिशनच्या आवारातलं पाळकाचं घर. पहाटे साडेचारला तुम्हाला जाग येते ती जात्याच्या घरघरीनं. यवतेश्वराच्या बाजूनं उतरलेली थंडी दाराच्या फटीतून आत येते आहे, अंगावरची घोंगडी टोचते आहे आणि स्वयंपाकघरात दोन बायका समोरासमोर बसून एका खुंट्याला हात लावून दळताहेत. एक पाळकीणबाई, दुसरी त्यांची तेरा वर्षांची थोरली मुलगी. आज शनिवार. उद्या या घरात जातं फिरत नाही, म्हणून आज दोन दिवसांचं पीठ काढायचं.

हे घर कुणा एकाचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं पडलं 1849 मध्ये. तेव्हापासून सातारा, वाई, कोरेगाव भागात आणि खाली सांगली-मिरजेकडं प्रेस्बिटेरियन मिशनच्या मुलखात अशी घरं होती. त्यांतलंच एक समजा.

ओवीची चाल तुमच्या ओळखीची आहे. तुमच्या आजीनं म्हटलेली असेल. फक्त पांडुरंगाच्या जागी ख्रिस्त आला आहे, आणि माहेर-सासर जसंच्या तसं राहिलं आहे. पाळकीणबाई जात्याच्या तोंडात घास टाकायच्या आधी प्रत्येक वेळी मूठभर जोंधळा शेजारच्या गाडग्यात टाकतात. थोरलीकडून एकदा राहिलं तर त्या जातं थांबवतात, काही बोलत नाहीत, गाडग्याकडं नुसतं बघतात. ती मूठ मंडळीची. महिनाअखेर घराघरातली गाडगी देवळात रिकामी होतात, धान्य विकलं जातं आणि त्यातून पाळकाच्या पगाराचा काही वाटा उभा राहतो. म्हणजे पाळकीणबाई आपल्याच नवऱ्याच्या पगारासाठी आपल्याच चुलीपुढून धान्य काढताहेत. तुम्हाला हसू येतं. त्यांना येत नाही, कारण महायुद्धामुळं जोंधळा महागला आहे, घासलेटही परवडेना झालं आहे, आणि मूठ मात्र पहिल्याएवढीच काढायची असा त्यांचा नेम आहे.

उजाडल्यावर घर मोजायला जाऊ नका. पोरं चार, ती ओळखू येतात. माजघरात झोपलेली म्हातारी आजी नव्हे. ती कुठल्याशा खेड्यातली निराधार विधवा, दोन वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी आली होती. ओसरीवरचा तरुण बाप्तिस्मा घेतल्यावर घरच्यांनी बाहेर काढलेला. दोन मुली शाळेच्या. आणि आता तुम्ही. पाळकीणबाई विचारतात, "जेवण करूनच जाणार न्हवं?" यात प्रश्न नसतो, पिठाचा हिशेब असतो.

पाळकसाहेब तुम्हाला समोरच्या खोलीत बसवतात. बाकावर 'ज्ञानोदया'चा जुना अंक पडलेला आहे. 1842 मध्ये अहमदनगरला निघालेलं हे पत्र अजून चालू आहे. नारायण वामन टिळकांनी त्याची मराठी बाजू बरीच वर्षं सांभाळली, आणि हल्ली या घरात टिळकांचाच विषय निघतो. गेल्या वर्षी, 1917 मध्ये, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्तावर ज्याचं प्रेम आहे त्याला तिथं जागा, बाप्तिस्मा झालेला असो की नसो. पाळकसाहेब हे सांगताना आवाज खाली आणतात. त्यांचा स्वतःचा निम्मा पगार अजून मिशनकडून येतो.

टिळकांचं म्हणणं त्यांना पटलेलं आहे. गोऱ्यांच्या पैशावर उभं राहिलेलं देऊळ लोकांना परकंच वाटणार. कीर्तन आपलं, अभंग आपला, मृदंग आपला, मग भाकरी तेवढी अमेरिकेची का? पाळकसाहेब बोलण्याच्या भरात उठून उभे राहतात. आतून पाळकीणबाईंचा आवाज येतो.

"त्यांनी पगार सोडला. चूल कुणी सोडली?"

खोलीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. तुम्हाला मात्र बोलायचं असतं, कारण तुम्ही 'स्मृतिचित्रे' वाचलेलं आहे. ते लिहिणाऱ्या टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई या वेळी पन्नाशीला आल्या आहेत आणि त्या पुस्तकाचा पहिला भाग बाहेर यायला अजून सोळा वर्षं आहेत. बाजाराच्या रस्त्यावर त्या समोरून येताना दिसल्याच, तर तुम्हाला त्यांच्याबद्दल त्यांच्यापेक्षा जास्त माहीत असेल: टिळक 9 मे 1919 ला मुंबईत जे. जे. इस्पितळात अखेरचा श्वास घेणार, त्यांच्या इच्छेप्रमाणं देहाचं दहन होणार, अपुरं 'ख्रिस्तायन' या बाई पुरं करणार. जीभ आवरा. नवरा 1895 मध्ये ख्रिस्ती झाला तेव्हा या बाईनं काही वर्षं वेगळं राहून मग 1900 मध्ये स्वतःच्या पायांनी बाप्तिस्मा घेतला. कुणीतरी येऊन सांगितलं म्हणून काही मानणाऱ्यांतल्या त्या नाहीत. माझ्यापुरतं सांगायचं तर टिळकांचा संन्यास मला थोर वाटतो. पण त्याची किंमत दुसऱ्याच्या डब्यातून गेली, हे पाळकीणबाईंनी एका वाक्यात सांगून टाकलं. चरित्रकारांना त्यासाठी प्रकरणं लागली.

रविवारी देवळाच्या दाराशी वहाणा काढा. बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष दुसऱ्या बाजूला. "सलाम, सलाम" करत लोक आत येतात. पेटी नीट वाजत नाही, टाळ मात्र नीट वाजतात. 'उपासना संगीत'मधलं टिळकांचं पद सुरू झालं की मागच्या रांगेतली, अक्षरओळख नसलेली म्हातारीसुद्धा पुढची ओळ आधी म्हणते. प्रार्थनेच्या वेळी एक बाई उभी राहते. मुलगा पलटणीत आहे, बसऱ्याला. चार महिने पत्र नाही. सातारा जिल्ह्यातून किती पोरं मेसोपोटेमियात गेली आहेत हे गावोगाव रिकाम्या ओसऱ्यांवरून कळतं, आणि ख्रिस्ती घरंही त्याला अपवाद नाहीत.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब याच संदर्भात मेनोनाइटांची गोष्ट काढतात. मध्य प्रांतात धमतरीला 1899 पासून त्यांचं मिशन आहे, दुष्काळात अनाथ झालेली पोरं सांभाळण्यापासून कामाला सुरुवात झाली. या पंथाची माणसं हातात बंदूक धरत नाहीत, मग राजानं सांगो की सरकारनं. यंदा अमेरिकेतले त्यांचे कितीतरी तरुण लष्करी छावण्यांत छळ सोसतील, काही तुरुंगात जातील, पण गणवेश घालणार नाहीत. बसऱ्याच्या आईला यावर काय वाटलं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही. ती म्हणते, "आमच्याकडं पोरगा पलटणीत गेला म्हणून भाऊबंदांनी विहिरीवर येऊ दिलं." पाळकसाहेब गप्प होतात. तत्त्व खरं असलं तरी इथं पलटण ही काही लोकांना माणसात आणणारी वाट आहे, आणि 111 वी महार पलटण गेल्याच वर्षी उभी राहिली आहे.

आज प्रभुभोजन होतं. एकाच प्याल्यातून आधी कोण प्यायलं आणि मग कोण, हे बघायला बाहेर भिंतीशी आलेली बघ्यांची पोरं आत डोकावत होती. त्यांच्या दृष्टीनं प्रवचनापेक्षा तेच नवल. जन्मानं ब्राह्मण असलेले मास्तर, त्यांच्यानंतर मांगवाड्यातून आलेला वाजंत्री, त्यानंतर पाळकसाहेब. आत मात्र सगळं इतकं सरळ नाही. सतरंजीच्या कोणत्या टोकाला कोण बसतं, सोयरीक कुणाशी जुळते आणि कुणाशी नाही, हे थोरली तुम्हाला परत येताना वाटेत सांगते, आणि सांगून झाल्यावर "आईला सांगू नका" म्हणते.

दुपारी पाळकीणबाई पिशवी उचलतात. मार्ककृत शुभवर्तमान, गाण्यांचं बाड, दौत, बोरू, कोरे कागद. तुम्ही मागून चालता. गावातल्या एका वाड्यात त्यांना मागच्या दारानं प्रवेश आहे, परसापर्यंत. तिथं चार बायका जमतात. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओततील. पाळकीणबाई वाचायला लागतात, पण पाचव्या ओळीला एक आवाज मधे येतो: "बाई, आधी पत्र लिहून द्या की." मग शुभवर्तमान मिटतं आणि दौत उघडते. पत्र बसऱ्यालाच जायचं. काय लिहू? बैल विकला ते लिहू नका. बहिणीचं लग्न ठरलं ते लिहा. आईला बरं नाही ते लिहू नका. पाळकीणबाई वाक्य पुरं झालं की वाचून दाखवतात, "अजून काय?" विचारतात, आणि शेवटी आपल्या मनानं काहीही घालत नाहीत, आशीर्वादाची ओळसुद्धा नाही. मिशनच्या अहवालात ही दुपार 'गृहभेट' म्हणून एका आकड्यात जाईल. तासाभराची दोन पत्रं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

इथून आपण थेट ऑक्टोबरात जाऊ. मधल्या महिन्यांत सांगण्यासारखं एवढंच की पाऊस दगा देऊन गेला, जोंधळा आणखी चढला, आणि जूनमध्ये मुंबईत सुरू झालेली इन्फ्लुएंझाच्या तापाची साथ सप्टेंबरात दुसऱ्यांदा, भलतीच उग्र होऊन आली.

पाळकीणबाईंचा थोरला मुलगा मिरजेच्या मिशन इस्पितळातल्या वैद्यकीय शाळेत शिकतो. त्याचं कार्ड आलं आहे: माणसं कमी पडताहेत, आई येशील का. टांग्यानं दहाएक मैल सातारा रोड स्टेशन, तिथून मीटरगेजची गाडी. रहिमतपूर, मसूर, कराड. गाडीत खोकल्याचा आवाज डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुंडल रोडला किर्लोस्करांच्या कारखान्याची वस्ती दिसते, आठ वर्षांची. भिलवडी गेलं की हवा बदलते, जमीन काळी होते, आणि मग मिरज.

डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये या मुलखात आले ते आधी सांगलीला. तिथं दवाखाना काढला, मग बस्तान मिरजेला हलवलं. 1894 मध्ये इस्पितळ उभं राहिलं. 1897 मध्ये वैद्यकीय शाळा, 1900 मध्ये महारोग्यांसाठी वेगळी वसाहत. क्षयरोग्यांचं आरोग्यधाम आणि त्यामुळं नाव पडलेली वानलेसवाडी अजून व्हायची आहे. मिरज जंक्शन असल्यानं मोतीबिंदूचे, मुतखड्याचे रोगी लांबलांबून रेल्वेनं येतात, सोबत नातेवाईक, त्यांच्याबरोबर भांडी आणि सरपण. एरवी आवारात तीन दगडांच्या चुलींची रांग लागलेली असते.

या महिन्यात त्या चुली थंड आहेत, कारण रांधणारेच आजारी पडले आहेत. रोगी आत, नातेवाईक बाहेर झाडाखाली, दोघांनाही ताप. तापावर औषध असं नाहीच. पाणी पाजायचं, अंग पुसायचं, पेज घालायची आणि वाट बघायची. मुंबई इलाख्यात ही साथ दहा लाखांच्या आसपास माणसं नेणार आहे, हा आकडा तुमच्याजवळ आहे. तो इथं कुणाला सांगून उपयोग नाही. थोरल्या मुलाचे डोळे तारवटले आहेत. तो आईला वाकून नमस्कार करायला जातो, त्या त्याला मधेच धरतात आणि कपाळाला हात लावून बघतात. ताप नाही. मग एवढंच विचारतात, "पीठ कुठंय?"

सांगलीहून मिशनच्या औद्योगिक शाळेतली सुतारकाम शिकणारी मोठी मुलं आली आहेत. ती लाकडं फोडतात, पाणी भरतात आणि, सांगितलं तर, फळ्या जोडून देतात. कशासाठी ते कुणी विचारत नाही. मिरजेच्या मंडळीतल्या बायका एका पडवीत जमल्या आहेत. त्यांत एक मंडळीच्या वडिलांपैकी एकाची सून आहे, एक परिचारिकांची मुकादम आहे, एक झाडूवाली आहे. कुणी कुठल्या टोकाला बसायचं हा प्रश्न आज सुचलेला दिसत नाही. साथ सरल्यावर तो परत येईल, थोरलीनं सांगितलेलं मी विसरलेलो नाही.

पाळकीणबाई पदर खोचतात. पहिली परात ओढण्याआधी सवयीनं एक मूठ पीठ बाजूला काढतात. शेजारीण म्हणते, "ते कशाला आता? सगळंच मंडळीचंय." त्या क्षणभर थांबतात आणि मूठ परत परातीत सोडतात. काथवट, गरम पाणी, पहिली भाकरी. दिवसाला दोनशे तरी लागणार, शिवाय पेज वेगळी. कागदावर पाळ्या लावायच्या आहेत: पहाटे कोण, दुपारी कोण, रात्री दिव्यापाशी कोण. नावं कमी पडताहेत. बोरू घेतलेला थोरला मुलगा कागदावरून मान वर करतो आणि त्याची नजर तुमच्यावर थांबते.

"पाहुणं, तुम्ही रातच्याला की पहाटंला? भाकरी येत नसंल तर पाणी तापवा, पण नाव सांगा."